काठी नाकारणारे अप्पा आणि वडाळ्याचे पिवळे स्लीपर

कोणाची सवय बदलायची म्हटली की आपण सहसा सांगण्यापासून सुरुवात करतो. सांगून उपयोग झाला नाही तर आवाज चढवतो आणि तेवढ्यानेही भागले नाही तर दंड, शिक्षा किंवा अबोला यांच्याकडे वळतो. घरात मुलांशी आणि वडीलधाऱ्यांशी, सोसायटीत शेजाऱ्यांशी, रस्त्यावर अनोळखी माणसांशी आपण हाच क्रम गिरवत असतो. हे उपाय चुकीचे आहेत असे मला म्हणायचे नाही. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होऊन जाते. पण जेथे होत नाही, तेथे तोच उपाय अधिक जोराने करत राहण्यात वर्षे निघून जातात आणि शेवटी 'हा माणूसच असा आहे' असा निकाल देऊन आपण तो विषय मिटवून टाकतो. माल्टामध्ये जन्मलेले डॉक्टर एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ मध्ये 'लॅटरल थिंकिंग', म्हणजे वेगळ्या बाजूने विचार करणे, ही संज्ञा रूढ केली, तेव्हा त्यांचे मुख्य म्हणणे हेच होते की एकच खड्डा कितीही खोल खणला तरी त्यामुळे दुसऱ्या जागी खड्डा तयार होत नाही. पाणी लागत नसेल तर विहिरीची जागाच बदलावी लागते.

प्रश्न असा उरतो की ही दुसरी जागा शोधायची कशी. वेगळा विचार करणे ही काही हुशार माणसांनाच लाभलेली देणगी आहे, असे आपल्याकडे मानले जाते. मला तसे वाटत नाही. मी वाचलेल्या, पाहिलेल्या आणि घरात करून बघितलेल्या उदाहरणांवरून माझे मत असे झाले आहे की हे काम चातुर्यापेक्षा निरीक्षणाचे अधिक आहे. 'याला कसे समजावू' हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवायचा आणि 'ज्या क्षणी हा माणूस तसे वागतो त्या क्षणी त्याला काय दिसत असते, काय मिळत असते आणि काय गमवावे लागत असते' एवढेच शांतपणे पाहायचे. उत्तर बहुधा तेथेच सापडते आणि ते आपण इतके दिवस सांगत असलेल्या गोष्टीपासून बरेच दूर असते.

याचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे उदाहरण मुंबईचे आहे. मी आयुष्याचा मोठा भाग डोंबिवलीत काढला असल्यामुळे रूळ ओलांडणारी माणसे हे माझ्यासाठी रोजचेच दृश्य होते. पूल असतानाही माणसे रुळांवर उतरत, कारण पूल लांब पडे, जिन्यावर गर्दी असे आणि समोरची गाडी सुटत असे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर त्या काळी दरवर्षी तीन हजारांहून अधिक माणसे मरण पावत आणि त्यांतील मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा असे. 'रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे' अशा पाट्या होत्या, ध्वनिक्षेपकावरून सूचना होत होत्या आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंतचा दंडही होता. म्हणजे सांगणे, धाक घालणे आणि दंड करणे हे तिन्ही उपाय करून झाले होते.

हार्बर मार्गावरील वडाळा स्थानकाजवळ २००९ च्या अखेरीस 'फायनलमाइल' या मुंबईतील संस्थेने रेल्वेच्या सहकार्याने एक प्रयोग सुरू केला. बिजू डॉमिनिक आणि राम प्रसाद हे या संस्थेचे संस्थापक. माणसांना धोका माहीत नाही, असे गृहीत धरून त्यांनी सुरुवात केली नाही. रूळ ओलांडणाऱ्याला गाडीखाली माणूस मरतो हे पक्के माहीत असते. त्याचा अंदाज चुकतो तो वेगळ्याच ठिकाणी. मोठ्या आकाराची वस्तू समोरून येत असली की ती प्रत्यक्षापेक्षा हळू येते आहे असे डोळ्यांना वाटते, ही गोष्ट मानसशास्त्रज्ञ हर्शेल लीबोविट्झ यांनी १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरील अपघातांच्या संदर्भात मांडली होती. लोकल गाडीच्या रुंद तोंडाकडे पाहून 'अजून वेळ आहे' असे जे वाटते, ते बेफिकिरीने वाटत नाही. डोळाच तसे सांगतो. जो डोळ्यांनी फसतो आहे त्याला नियम ऐकवून काय उपयोग होणार?

म्हणून त्यांनी रुळांखालचे काही स्लीपर, म्हणजे रूळ ज्यांवर बसवलेले असतात त्या आडव्या तुळया, ठरावीक अंतराने पिवळ्या रंगाने रंगवले. एरवी खडी, लोखंड आणि स्लीपर हे सगळे एकाच काळपट तपकिरी रंगाचे असते आणि त्यावरून येणाऱ्या गाडीचा वेग मापायला डोळ्यांना काही खूण मिळत नाही. पिवळे पट्टे एकामागून एक गाडीखाली गडप होताना दिसू लागले की ती किती झपाट्याने येत आहे हे पाहणाऱ्याला कोणी न सांगता कळते. दुसरा बदल भोंग्याचा होता. मोटरमन एक लांबलचक भोंगा वाजवत असत आणि मुंबईच्या गोंगाटात तो लांब आवाज विरून जात असे. त्याऐवजी मध्ये क्षणभर थांबून दोन आखूड, तीव्र भोंगे द्यायचे ठरले, कारण आवाज तुटला की लक्ष चटकन वळते. तिसरा बदल फलकांचा होता. रेषांनी काढलेल्या निर्विकार माणसाच्या चित्राऐवजी, गाडी अंगावर येत असताना भयाने विस्फारलेला एका माणसाचा चेहरा तीन छायाचित्रांत मोठा करून, जेथून माणसे रुळांवर उतरतात अगदी तेथे लावला गेला. त्यानंतर वडाळ्यातील मृत्यूंची संख्या लक्षणीय घटली आणि रेल्वेने हे उपाय इतर ठिकाणीही नेले.

या प्रयोगाकडे पाहताना एक गोष्ट विसरू नये असे मला वाटते. पिवळा रंग हा पुलाला, सरकत्या जिन्याला किंवा कुंपणाला पर्याय नाही. ज्याला पलीकडे जायचे आहे त्याला सुरक्षित वाट देणे ही रेल्वेची जबाबदारी उरतेच. पण पूल बांधून होईपर्यंतच्या वर्षांत रंगाचे काही डबे आणि भोंग्याची बदललेली पद्धत यांनी माणसे वाचवली, आणि ती 'मुंबईकरांना शिस्तच नाही' हे वाक्य न उच्चारता वाचवली, याचे मला फार मोल वाटते.

आता घरातले सांगते. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो, संध्याकाळी पायी फिरायला जात असत. गुडघे कुरकुरू लागल्यावर डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितली. काठी आणली गेली आणि दाराआड उभी राहिली. अप्पा ती घेत नसत. माझ्या यजमानांनी समजावले, नणंदेने फोनवरून रागे भरले, मी विनवण्या केल्या. मोडलेल्या खुब्याचे काय होते याची ओळखीतली सगळी उदाहरणे त्यांना ऐकवून झाली. ते शांतपणे ऐकून घेत आणि काठी न घेता बाहेर पडत. आम्ही सगळे त्यांना हट्टी ठरवून बसलो होतो.

एका संध्याकाळी काही कामाने मीही त्यांच्यामागून थोड्या अंतरावर चालत होते. कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर त्यांच्या वयाची मंडळी बसलेली असतात. तेथे पोहोचण्याच्या काही पावले आधी अप्पांनी सदरा खाली ओढून सारखा केला, पाठ ताठ केली आणि मगच ते पुढे झाले. चाळीस वर्षे नोकरी केलेला, अजूनही लोकांचे अर्ज लिहून देणारा माणूस त्या कट्ट्यावर ज्या रूपात ओळखला जात होता, त्या रूपात काठी बसत नव्हती. आम्ही त्यांच्याशी गुडघ्याबद्दल बोलत होतो आणि त्यांचा अडसर गुडघ्यात नव्हताच.

मग मी काठीचा विषय काढणे बंद केले आणि एक लांब दांड्याची, लाकडी आकड्याच्या मुठीची छत्री आणली. फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारून तिची उंची मनगटापर्यंत येते का हे पाहून घेतले, दांडा भार सोसेल असा जाड निवडला आणि औषधांच्या दुकानात काठीसाठी मिळणारे रबरी बूच तिच्या टोकाला घट्ट बसवले, कारण छत्रीचे धातूचे टोक ओल्या फरशीवर घसरते आणि मग जो धोका टाळायचा तोच ओढवतो. पावसाचे दिवस होते. "अप्पा, आभाळ भरून आलंय, छत्री असू द्या बरोबर," एवढेच म्हणाले. अप्पांनी छत्री घेतली. पाऊस संपला, ऊन आले, तरी छत्री बरोबर जात राहिली, कारण आकड्याची छत्री टेकवत चालणे ही त्यांच्या पिढीत प्रतिष्ठित माणसाची चाल होती आणि कट्ट्यावर त्या छत्रीचे कौतुकही झाले. पुढे तोल अधिक जाऊ लागल्यावर त्यांनी काठी स्वतःहून मागितली. तोपर्यंत हाताला टेकण्याची सवय झाली होती.

ही गोष्ट मी सविस्तर लिहिली, कारण यात कोणतीही विलक्षण कल्पना नाही. आमच्या आजोळी प्रत्येक वडीलधाऱ्याकडे अशी छत्री होती. अडथळा नेमका कोठे आहे हे दिसले आणि उपाय आपोआप सुचला. दिसण्याआधी मी कितीही डोके खाजवले असते तरी तो सुचला नसता.

दंडाबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण दंड हा आपला सर्वांत लाडका उपाय आहे आणि तो कधी कधी अगदी उलट परिणाम करतो. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधील हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत. म्हणून त्यांतील सहा पाळणाघरांत, दहा मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास दहा शेकेल दंड सुरू करण्यात आला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आधी उशीर झाला की पालकांना ताईंसमोर ओशाळे वाटत असे. आता ते दहा शेकेल देऊन हिशेब चुकता करू लागले. याहून विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे पुढे दंड काढून टाकल्यावरही उशीर पूर्वीच्या पातळीवर आला नाही. संकोच एकदा पैशांत मोजला गेला की तो परत येत नाही.

आमच्या सोसायटीत पाहुण्यांसाठी राखलेल्या जागेत रहिवाशांनी गाडी लावली तर दंड घ्यायचा, असे ठरले तेव्हा मला हैफाची आठवण झाली होती आणि तसेच घडले. ज्यांना परवडत होते त्यांनी महिन्याच्या देखभाल खर्चाबरोबर दंड भरायला सुरुवात केली आणि 'आम्ही पैसे देतो ना' हे वाक्य सभेत ताठ मानेने ऐकू येऊ लागले. माझे म्हणणे असे नाही की दंड कधीच करू नये. हेल्मेट न घालणाऱ्याला किंवा दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला दंड व्हायलाच हवा आणि तो झोंबेल एवढा हवा. पण जेथे माणसे एकमेकांच्या भिडेने नीट वागत असतात, तेथे किमतीची पाटी लावण्याआधी फार विचार करावा.

बक्षिसाचेही असेच आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील बालवाडीत १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्या मुलांना चित्रे काढायला मुळातच आवडत होती त्यांतील काहींना 'चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असे आधी सांगून ते देण्यात आले. पुढे मोकळ्या वेळात ही मुले इतर मुलांपेक्षा कमी वेळ चित्रांकडे वळली. पुस्तक वाचले तर चॉकलेट देणाऱ्या प्रत्येक आईबाबांनी हे लक्षात ठेवावे. मूल जे आपणहून करते आहे त्याला मोबदला लावणे म्हणजे त्यातला आनंद कमी करणे होय.

मुलांच्या भांडणांवर मात्र आपल्याकडे एक फार जुनी आणि सुंदर युक्ती आहे. भावाभावांत वाटणी करताना एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे, ही रीत अनेकांनी घरात ऐकली असेल. वाटे पाडणाऱ्याला न्यायाने वागण्याचा उपदेश करावा लागत नाही. उरलेला वाटा आपल्याच पदरी येणार आहे हे माहीत असल्यामुळे तो डोळ्यांत तेल घालून समान वाटे पाडतो. माझ्या घरी दिवाळीच्या फराळापासून मोबाइलच्या वेळेपर्यंत सगळ्यावर हाच नियम चालत आला आहे. संध्याकाळच्या वेळेचे दोन भाग धाकटीने पाडायचे आणि कोणता भाग घ्यायचा हे थोरल्याने ठरवायचे. पंच म्हणून मला मध्ये उभे राहावे लागत नाही, आणि कोणाची बाजू घेतली या तक्रारीला जागाच उरत नाही. घरातली अर्धी भांडणे मूळ वस्तूवरून नसून 'आई त्याचेच ऐकते' यावरून असतात, हे ज्यांच्या घरी दोन मुले आहेत त्यांना सांगायला नको.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. कडेगाव तालुक्यातल्या, साधारण तीन हजार वस्तीच्या या गावात १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल दीड तास बंद ठेवायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली आणि शाळा उघडल्यानंतरही मोबाइल मुलांच्या हातून सुटला नाही, ही अडचण सर्वांचीच होती. ग्रामसभेत ठराव झाला, सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पंचायतीचे लोक दारोदार फिरले, आणि हळूहळू तो नेम बनला.

मला या योजनेत सर्वांत शहाणपणाचे वाटते ते हे की भांडण घराबाहेर काढले गेले. एका घरात आई मोबाइल हिसकावून घेते तेव्हा मुलाच्या दृष्टीने ती आईची जबरदस्ती असते आणि शेजारच्या मुलाचा खेळ चालूच असतो. भोंगा मात्र कोणा एकाच्या आईचा नसतो. त्या वेळी मित्रही मोबाइलवर नसतो, त्यामुळे काही चुकते आहे ही हुरहूर राहत नाही. शिवाय मोठ्यांनाही मालिका बंद करावी लागते आणि मुलांना सांगणाऱ्याच्या हातात मोबाइल असणे, हा जो आपल्या सर्वांच्या उपदेशाचा कच्चा दुवा आहे, तो उरत नाही. आमच्या इमारतीत मंदिर नाही आणि भोंगाही नाही, पण मुलांच्या वर्गमैत्रिणींच्या चार घरांनी मिळून दिवेलागणीची एकच वेळ ठरवली आहे आणि त्या वेळी माझ्यासकट सर्वांचे फोन दिवाणखान्यातल्या एकाच कपाटावर चार्जिंगला लागतात. एकट्या घराने हे कित्येकदा ठरवूनही टिकले नव्हते.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने, भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना, घरपट्टी-पाणीपट्टी वेळेवर भरणाऱ्या कुटुंबाला गावच्या गिरणीत दळण मोफत दिले. थकबाकीदारांच्या नावांचा फलक लावण्यापेक्षा हे कितीतरी बरे. कर ही वर्षातून एकदा आठवणारी आणि नकोशी गोष्ट आहे, दळण ही आठवड्याची गरज आहे. एकाला दुसऱ्याशी बांधल्यामुळे कर भरल्याचे सुख दर आठवड्याला डब्यात मावेल एवढे दिसू लागले.

मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला काही सिग्नलवर आवाज मोजणारी यंत्रे जोडून दाखवली होती. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. त्याची चित्रफीत तेव्हा घरोघरी पाहिली गेली. कल्पना नेमकी होती, कारण लाल दिव्यावर हॉर्न वाजवून कोणालाच काही मिळत नाही आणि येथे तर उलट वेळ जात होता. तरीही गप्प बसलेल्यालाही वाजवणाऱ्याबरोबर थांबावे लागते, ही तिच्यातली उणीव मला खटकते.

येथे मला काही उपायांबद्दलची नाराजी स्पष्टपणे मांडायची आहे. भिंतीवर लघवी करू नये, जिन्यात थुंकू नये म्हणून देवदेवतांची चित्रे असलेल्या फरशा बसवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास झाली आहे आणि वेगळ्या विचाराचे उदाहरण म्हणून तिचे कौतुकही होते. मला ती आवडत नाही. देवाला राखणीला बसवणे हे श्रद्धेला शोभत नाही आणि त्या जागी वाकडे पाऊल पडलेच तर ज्यांच्या भावना दुखावतात त्यांचा काही दोष नसतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की ती फरशी माणसाला फक्त पुढच्या भिंतीकडे पाठवते. त्या रस्त्यावर स्वच्छ, उघडे आणि फुकट स्वच्छतागृह आहे का, हा प्रश्न तिने विचारलेला नसतो. मुंबईत २०११ च्या सुमारास स्त्री कार्यकर्त्यांनी 'राइट टू पी', म्हणजे लघवीला जाण्याचा हक्क, ही मोहीम उभी केली ती याच कारणासाठी. बाई भिंतीकडे तोंड करून उभी राहत नाही. ती घरून निघताना पाणीच पीत नाही. तिचे हे वागणे कोणाला समस्या वाटत नाही, कारण त्याचा त्रास तिच्याशिवाय कोणालाच होत नाही.

तीच गोष्ट गावोगावच्या गुड मॉर्निंग पथकांची. हागणदारीमुक्तीचे काम फार मोठे होते आणि त्यात जीव ओतणारे अनेक ग्रामसेवक व सरपंच होते. पण पहाटे उघड्यावर बसलेल्या माणसाला गुलाबाचे फूल देणे, शिट्ट्या वाजवणे, फोटो काढणे यात त्या माणसाच्या अब्रूला हात घातला जातो, आणि ती अब्रू बहुतेक वेळा ज्याच्या घरी शौचालयाला जागा नाही किंवा पाणी नाही अशा गरिबाची असते. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे महापौर अंतानास मोकुस यांनी १९९५ नंतर चौकाचौकांत मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले होते. पादचाऱ्यांसाठी आखलेल्या पट्ट्यावर गाडी आणणाऱ्याची किंवा वाटेल तेथून रस्ता ओलांडणाऱ्याची ते नक्कल करत आणि रस्त्यावरची माणसे हसत. तेथेही लाज हेच साधन होते, पण समोर होता तो सहज थांबू शकणारा माणूस. पट्ट्याच्या अलीकडे थांबायला त्याला काहीच अडचण नव्हती. ज्याच्यापुढे दुसरा मार्ग आहे त्याला हसावे, ज्याच्यापुढे नाही त्याला हसू नये, अशी सीमा मी स्वतःपुरती आखून घेतली आहे.

गाडगेबाबांची रीत या सगळ्यांहून वेगळी होती आणि तिचा विचार आपण पुरेसा करत नाही असे मला नेहमी वाटते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले बाबा गावात शिरत तेव्हा त्यांच्या हातात खराटा असे. सभा नाही, सूचना नाही. आल्याबरोबर ते गावातली घाण झाडू लागत. अंगावर चिंध्या पांघरलेला एक परका माणूस आपल्या दारासमोरचा उकिरडा उपसतो आहे हे पाहून गावातली माणसे एकेक करून खराटे घेऊन बाहेर येत. दिवसभर हे चाले आणि कीर्तन रात्री होई. कीर्तनातही ते सिद्धांत सांगत नसत. समोरच्या माणसांना साधे साधे प्रश्न विचारत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. आपल्यापैकी कोणीही हा क्रम उलटा लावला असता, आधी व्याख्यान आणि मग श्रमदान. राज्य सरकारने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेव्हा स्पर्धा आणि बक्षिसे आली, गावे खरोखर उजळलीही; पण उपदेशाआधी हात चालवण्याची ती मूळ रीत फार थोड्या ठिकाणी दिसली.

बंगळूरुमध्ये २०१० पासून 'द अग्ली इंडियन' नावाने काम करणारी निनावी मंडळी मला त्यांच्याच वाटेवरची वाटतात. 'काम चालू, मूँह बंद' हे त्यांचे ब्रीद आहे. कचऱ्याचा कोपरा साफ करून, रंगवून, तेथे कुंड्या ठेवून ते निघून जातात. कोणाच्या नावाने खडे फोडत नाहीत. पिचकाऱ्या भिंतीच्या खालच्या भागावर पडतात हे पाहून त्यांनी अनेक ठिकाणी तो पट्टाच काविरंगाने रंगवला, म्हणजे एखादा डाग पडला तरी उठून दिसत नाही आणि 'येथे आधीच घाण आहे' असे पुढच्याला वाटत नाही.

सध्या आमच्या सोसायटीत ओल्या-सुक्या कचऱ्याचा प्रश्न चालू आहे. परिपत्रके काढून झाली, सफाई कामगार ताईंनी मिसळलेला कचरा परत दारात ठेवून पाहिला, सभेत आवाज चढले. मागच्या महिन्यात हळदीकुंकवाच्या निमित्ताने बऱ्याच घरांच्या स्वयंपाकघरांत जाणे झाले तेव्हा मी प्रत्येक ठिकाणी ओट्याखाली डोकावून पाहिले. बहुतेक घरांत सिंकखाली एकच डबा मावेल एवढी जागा आहे. दुधाची पिशवी कापणारा हात ओला असतो, गॅसवर दूध ठेवायची घाई असते आणि सुक्या कचऱ्याची पिशवी असलीच तर ती गॅलरीत असते. साहजिकच दुधाची पिशवी भाजीच्या सालांवर पडते. त्यामुळे या वेळी परिपत्रक न काढता, प्रत्येक घरी ओट्याच्या दाराला आतून लावायचा एक हुक आणि त्यावर अडकवायची एक कापडी पिशवी द्यायचे आम्ही काही जणींनी ठरवले आहे. जुन्या साड्या गोळा झाल्या आहेत आणि तळमजल्यावरच्या वहिनी त्या पिशव्या शिवत आहेत. हुक उजव्या दाराला लावायचा की डाव्या, हे मात्र ज्या त्या घरात दूध तापवणाऱ्या माणसाला विचारूनच ठरवायचे आहे.